कमलताईचा आवाज कुलपात होता तेव्हा

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि आजही ‘आहे’ म्हणायला जीभ वळत नाही. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच अंगारे, गंडेदोरे, पिंपळावरची हडळ हे सगळं घराबाहेर गेलं. आम्हा भावंडांना बावीस प्रतिज्ञा आधी पाठ झाल्या, पाढे नंतर. त्यात माझा व्यवसाय कंप्युटर प्रोग्रॅमिंगचा. आमच्याकडे एखादी गोष्ट घडली की तिला कारण असतंच. सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते आणि प्रत्येकात बग, म्हणजे चूक, कुठे असेल ते मनातल्या मनात शोधत बसते.

आता माझी पाळी. तुम्ही शोधा. खरंच शोधा, कारण मी शोधून थकले आणि तरी त्या दुपारची आठवण आली की आजही एका जागी बसवत नाही...

मी सुजाता. पुण्यात एका गेम कंपनीत बरीच वर्षं काम केलं. नवऱ्याची बदली बीडला झाली तेव्हा नोकरी सोडून मीही आले, आणि इथेच घरातल्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. जोडीला मल्लिकार्जुन. हा चौसाळ्याचा, वडिलांचं कापड दुकान, पण पोराला गल्ल्यावर बसायचं नव्हतं, चित्रं काढायची होती. त्याची चित्रं आणि माझा कोड, असं मिळून आम्ही एक गेम केला. मोबाइलवरचा, मराठीतला. तुम्ही एसटीचे ड्रायव्हर. बीड स्टँडवरून गाडी काढायची, मांजरसुंब्याचा घाट सांभाळायचा आणि वेळेत नेकनूरला पोहोचायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण गाडीत प्रवासी असतात. ते भांडतात, मधेच उतरायचं म्हणतात, खिडकीवरून मारामारी करतात. खरी मजा त्यांच्या बोलण्यात होती.

आणि त्या बोलण्यातलं सगळ्यात गाजलेलं तोंड म्हणजे माझी मोठी नणंद, कमलताई.

कमलताई नेकनूरच्या आठवडी बाजारात भाजी विकते. जागा ठरलेली, लिंबाखालची, आणि आवाज असा की तिनं ‘मेऽऽथी’ म्हटलं की पलीकडे बैलबाजारातल्या बैलानं मान वळवावी. गेममध्ये ती टोपली घेऊन चढणारी मावशी होती, जिला प्रत्येक वेळी स्वतःच्या शेताच्या बांधाशीच गाडी थांबवून हवी असते. ‘कावून थांबिवत न्हाईस? पाय दुखत्यात माजे.’ लोकांनी तेवढं ऐकायला गेम घेतला.

पहिल्या गेममध्ये मी फायली मोकळ्याच ठेवल्या होत्या. घाई होती. तर कुणीतरी ताईचे आवाज उचलले आणि एका म्हशीच्या व्हिडिओवर चिकटवून सगळीकडे पाठवले. म्हैस रवंथ करतेय आणि ताई बोलतेय. मला वाटलं ताईला वाईट वाटेल. ती म्हणाली, “आवाज माजा आन् तोंड म्हशीचं? निदान म्हैस तरी चांगली घ्यायची, ती मुऱ्हा बी न्हाई.” पण तिची सून भडकली, माझा नवरा भडकला, आणि मलाही ते बरं वाटलं नाही. म्हणून दुसऱ्या गेमला मी कुलूप घातलं.

हे कुलूप समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. गेममध्ये चित्रं, आवाज, गाणी अशा ढिगानं फायली असतात. त्या सुट्या ठेवल्या तर कुणीही उचलतो. म्हणून सगळ्या एका गाठोड्यात बांधायच्या. त्याला आम्ही आर्काइव्ह म्हणतो. गाठोडं असं बांधायचं की चावी नसेल तर आत नुसता कचरा दिसावा. गेमलासुद्धा थेट आत हात घालता येत नाही. मधे एक राखणदार बसवलेला असतो, म्हणजे कोडचाच एक भाग. गेम म्हणतो, मला अमुक आवाज दे. राखणदार आधी चावी बघतो, मग ती फाईल गाठोड्यातलीच आहे ना, कुणी मधे फेरफार केलेला नाही ना, ते तपासतो. सगळं जुळलं तरच फाईल बाहेर. नाही जुळलं तर पडद्यावर एकच ओळ: ‘फाईल उघडता आली नाही.’ पुण्यात मी हेच राखणदार लिहायचे. फुशारकी नाही, पण माझं कुलूप आजवर कुणी फोडलेलं नाही.

चावी म्हणजे एक वाक्य. तुम्ही ते टाइप करायचं, त्यापासून कोड स्वतः मोठी चावी घडवतो. वाक्यात एक मात्रा इकडची तिकडे झाली तरी चावी वेगळी. ‘जवळपास बरोबर’ असं काही नसतं. आणि ते वाक्य कुठेही लिहून ठेवायचं नाही, हा धंद्यातला पहिला नियम.

दुसऱ्या गेमचं रेकॉर्डिंग आमच्या बीडच्या खोलीत झालं. उन्हाळा, खिडक्यांना गोधड्या लावलेल्या, पंखा बंद. कमलताई घामानं निथळत होती आणि मल्लिकार्जुन एकेक वाक्य तिच्याकडून परत परत म्हणवून घेत होता. मावशी, एकदा अजून. मावशी, जरा रागानं. शेवटी मी चहा केला आणि माइकची वायर काढून ठेवली. चहा पिताना ताईनं विचारलं, गेममधली गाडी माझ्या बांधाशी थांबत का नाही? मल्लिकार्जुन म्हणाला, मावशी, नियम आहे, स्टॉपवरच थांबते. त्यावर ताईनं त्याला असं एक वाक्य ऐकवलं की चहा त्याच्या नाकातून आला. त्याच वेळी माझ्यासमोर कंप्युटर पडद्यावर चावीचं वाक्य मागत होता. मी हसत हसत तेच टाइप केलं. ताई बोलली तसं, तिच्याच उच्चारात.

ते वाक्य काय होतं ते पुढे सांगते. कारण पुढच्या वर्षी ते मलाच आठवत नव्हतं.

झालं असं की पावसाळ्यात एका संध्याकाळी लाइट गेली, आली, परत गेली, आणि येताना एवढी जोरात आली की कंप्युटर जळाला. मूळ रेकॉर्डिंग त्यातच, वाक्यापासून घडलेली मोठी चावीही त्यातच. बाहेर इंटरनेटवर ठेवलेलं शिल्लक होतं ते फक्त बांधलेलं गाठोडं. तेव्हा मी एवढं मनावर घेतलं नाही. गेम तसाही रेंगाळला होता. म्हटलं, ताईला परत बोलवू, परत रेकॉर्ड करू. ताई कुठे पळून जातेय?

दिवाळीनंतर कमलताईच्या घशात गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण डॉक्टरांना स्वरयंत्र काढावं लागलं. म्हणजे आवाज गेला. बसला नाही, गेला. परत येणार नाही असा.

दवाखान्यानं गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं. ते लावलं की शब्द निघतात, पण सगळे एकाच सुरात, डब्यात भुंगा कोंडल्यासारखे. ताईनं ते एकदा लावलं, नातीला हाक मारली, आणि नात रडत आईच्या मागे लपली. त्यानंतर ताईनं ते यंत्र कपाटावर ठेवून दिलं. पाटी घेतली आणि लिहिलं: ‘हा आवाज माजा न्हाई.’ चौथी शिकलेली बाई, तिचं लिहिणं तिच्या बोलण्यासारखंच. बाजारात जाणं बंद झालं. सून जाऊन बसायची, पण तिचा आवाज पलीकडच्या पथारीपर्यंतही जायचा नाही. मग एक दिवस ताईनं लिहून कळवलं की लिंबाखालची जागा दुसऱ्या बाईला देऊन टाकते, पुढच्या बाजारापासून.

मला हे ऐकून राग आला. अर्थात ताईचा नाही, परिस्थितीचा. मी फार रडणारी बाई नाही. मला अडचण दाखवा, मी काम सांगते. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या मॅडमना फोन लावला. त्यांनी सांगितलं, आजकाल असं ॲप निघालंय की माणसाचं जुनं, स्वच्छ रेकॉर्डिंग असेल तर त्यावरून त्याचाच आवाज तयार करून देतं. तुम्ही फोनवर टाइप करायचं, फोन तुमच्या आवाजात बोलतो. मी विचारलं, म्हशीचा व्हिडिओ चालेल का? त्या म्हणाल्या, पाठीमागे गाणं-हॉर्न असलेलं नको. भरपूर हवं आणि स्वच्छ हवं. पहिल्या गेमचे आवाजही मी बाजारातच फोनवर घेतले होते, मोजकेच आणि गोंगाटातले.

भरपूर आणि स्वच्छ. गोधड्या लावून, पंखा बंद करून केलेलं. ते जगात एकाच ठिकाणी होतं, आणि त्यावर मी घातलेलं कुलूप होतं.

मी कामाला लागले. वाक्याचा रोख आठवत होता: एसटी काय तुझ्या अमक्याची आहे का, असं काहीतरी. मला अगदी खात्रीनं ‘बापाची’ आठवत होतं. ‘येष्टी काय तुज्या बापाची हाय का?’ टाकलं. फाईल उघडता आली नाही. ‘एस्टी’ टाकलं, ‘यष्टी’ टाकलं. ‘हाय व्हय’, ‘हाय का रं’, ‘हाये का’... नाही. मग एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो बाप, आजा, मामा, काका सगळे घालून, सगळ्या ऱ्हस्व-दीर्घांसकट एकामागून एक वाक्यं टाकत राहील. कंप्युटर दिवसरात्र चालू ठेवला. मल्लिकार्जुनला विचारलं, तुला बोलली होती ना, तुला आठवत असेल. तो मलाही ताईच म्हणतो. म्हणाला, “ताई, मला निस्ता नाकातला चहा आठवतोय. लई जळजळलं होतं.” आणि वर म्हणाला, की मी कपिलधारच्या देवाला नारळ बोललोय, उघडेल. मी म्हटलं, नारळ फोडून आर्काइव्ह उघडत असतं तर मी पुण्यात पगार कशाचा घेतला? तरी नारळाचा बेत त्यानं सोडला नाही हे मला माहीत होतं.

नाही उघडलं. प्रोग्रॅमनं मला सुचेल तेवढं सगळं टाकून पाहिलं आणि थांबला.

बाजाराच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं बसनं नेकनूरला गेलो. खरं सांगायचं तर मी ‘होणार नाही’ हे सांगायला गेले होते. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं, कारण पलीकडून ताई काहीच बोलू शकली नसती. सोबत टॅबलेट घेतला, त्यावर तो गेम आणि ते गाठोडं. एक शेवटची आशा म्हणजे ताई स्वतः. म्हटलं, तिच्याच हातानं टाइप करू दे.

ताईचं घर गावाच्या कडेला आहे. पुढे पत्र्याची पडवी, त्यात बाज, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, आणि समोर मोकळं रान. भर दुपार. लाइट नव्हती, म्हणजे टीव्ही बंद, पंखा बंद, शेजारची पिठाची गिरणीसुद्धा बंद. सून रानात, नात शाळेत. घरात आम्ही तिघंच. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे तुम्ही हेच विचारणार.

ताई बाजेवर, मी खाली चटईवर, मल्लिकार्जुन दारातल्या पायरीवर चहा घेऊन. ताईनं टॅबलेट मांडीवर घेतला आणि एका बोटानं टाइप करू लागली. एकेक टोमणा असा की मल्लिकार्जुन वाचून म्हणाला, मावशी, मला हे सगळं कधी बोललात तुम्ही? तिनं हातानं खूण केली: तोंडावर न्हाई, मागं. येष्टी काय तुज्या आईच्या गोठ्यातली हाय... येष्टी काय तुज्या नावचा सातबारा हाय... प्रत्येकाला तेच उत्तर. फाईल उघडता आली नाही. फाईल उघडता आली नाही. शेवटी तिनं पाटीवर लिहिलं: ‘दिसभर बोलत व्हते मी. कोनतं कोनतं ध्यानात ठेवू.’

मी टॅबलेट घेतला आणि बाजेवर, गोधडीवर पालथा नव्हे, सरळ ठेवला. पडद्यावर तीच ओळ होती. म्हटलं, ताई, मी माझ्याकडून सगळं केलं. हे कुलूप माझ्याच्यानं उघडणार नाही. ताईनं मान हलवली. नाराज झाली असेल, पण दाखवलं नाही. सूप ओढून घेतलं आणि गवारीच्या शेंगा मोडू लागली. थोडा वेळ नुसता शेंगांचा आवाज.

आणि टॅबलेटमधून कमलताई बोलली.

स्पष्ट. मोठ्यानं. बाजारातला तोच आवाज, थोडा घामेजलेला, थोडा चिडका, आणि हसू दाबलेला:

“येष्टी काय तुज्या सासऱ्यानं आंदन दिली व्हय रं?”

मल्लिकार्जुनची कपबशी पायरीवरून खाली गेली. ताईनं सूप बाजूला सारलं, मांडीवर थाप मारली आणि तोंड उघडून हसू लागली. आवाज नाही, पण खांदे गदागदा हलत होते. तिनं माझ्याकडे बोट केलं, टॅबलेटकडे बोट केलं, दोन्ही हात उघडून दाखवले. उघडलं! तिला वाटलं मी उघडलं. मलाही तेच वाटलं. झडप घालून टॅबलेट उचलला.

पडद्यावर तीच ओळ. फाईल उघडता आली नाही.

कुलूप तसंच होतं. म्हणजे आवाज आला तेव्हा गाठोडं बंद होतं.

आता माझा स्वभाव बघा. एवढं होऊनही डोकं चालू होतं. मी तोंडावर बोट ठेवलं. मल्लिकार्जुनला म्हटलं, एक शब्द बोलू नकोस, अंगणात चल. त्याला बाहेर नेऊन हळू आवाजात विचारलं, काय ऐकलंस ते सांग, जसंच्या तसं. त्यानं सांगितलं. सासऱ्यानं. आंदन. व्हय रं. रेकॉर्डिंगच्या वेळी त्याचं लग्न ठरत नव्हतं, म्हणून त्याला ते झोंबलं होतं आणि म्हणूनच हसूही आलं होतं, हे त्याला आता आठवलं. आत येऊन ताईपुढे पाटी ठेवली. तिनंही तेच लिहिलं. तिघांनी एकच ऐकलं होतं.

आंदण म्हणजे लग्नात लेकीबरोबर द्यायची भेट. भांडी, गाय, कपाट. सासऱ्यानं आंदणात एसटी दिली का, म्हणून तू ती तुझ्या मर्जीनं चालवतोस? सगळं जग ‘बापाची आहे का’ म्हणतं. म्हणून माझ्या डोक्यानं वर्षभरात ‘सासरा’ खोडून तिथे ‘बाप’ बसवला आणि ‘आंदन’ तर पुरतंच गाळून टाकलं. माझा प्रोग्रॅम जन्मभर चालला असता तरी तिथे पोहोचला नसता, कारण तो शब्दच मी त्याला दिला नव्हता.

टाइप केलं. बटण दाबलं. फाईल उघडता आली नाही.

काय वाटलं असेल मला, कल्पना करा. तेवढ्यात मागून वाकून बघणारा मल्लिकार्जुन म्हणाला, “ताई, ण कावून टाकलाय? न म्हणाल्या मावशी.”

खरंच. बोटांनी शाळेत शिकवलेलं लिहिलं होतं, ‘आंदण’. ण खोडला. न टाकला. बटण दाबलं.

आणि उघडलं... पडद्यावर फायलींची नावं वर सरकू लागली. मावशी चढते. मावशी रागावते. मावशी उतरते. मावशी ड्रायव्हरला शिव्या देते, एक, दोन, तीन. मल्लिकार्जुन पायरीखाली फुटलेल्या कपाच्या तुकड्यांतच नाचला, मी त्याला ओरडले की पायात काच जाईल, आणि मीच उभ्या उभ्या हसत होते. पहिलीच फाईल लावली. ‘कावून थांबिवत न्हाईस?’ ताईनं दोन्ही तळहात कानांवर ठेवले, मग काढले, मग टॅबलेट कानाला लावून बसली. मी त्यात पडले नाही. लाइट नव्हती, टॅबलेटची बॅटरी उतरत होती, म्हणून आधी सगळ्या फायलींची प्रत माझ्या फोनमध्ये, मल्लिकार्जुनच्या फोनमध्ये आणि खिशातल्या छोट्या ड्राइव्हवर केली. रडणं-हसणं नंतर.

बीडला येऊन शांतपणे तपासायला बसले. आता तुम्ही जे विचाराल ते मी आधीच विचारलेलं आहे.

ते वाक्य गाठोड्यातल्या एखाद्या फाईलमध्ये असेल आणि राखणदाराकडून चुकून सुटलं असेल? सगळ्या फायली कान देऊन ऐकल्या. ते वाक्य एकीतही नाही. असूच शकत नाही, ते चहा पिताना बोललेलं होतं, माइकची वायर मीच काढली होती. राखणदार प्रत्येक उघडझापीची नोंद ठेवतो. त्या दुपारच्या नोंदींमध्ये नुसते नकार आहेत, एकामागून एक, आणि मग एकदम होकार. मधे आवाज वाजवल्याची नोंद नाही. टॅबलेटचा स्पीकर त्या वेळी बंद होता, असं टॅबलेटचं स्वतःचं म्हणणं आहे. दुसऱ्या कुणाचा फोन त्याला जोडलेला नव्हता. आणि तो जोडला असता तरी कुणी काय वाजवणार होतं? त्या वाक्याचं रेकॉर्डिंगच जगात नाही.

मग राहिला मनाचा खेळ. माझ्याच आठवणीतून एकदम वर आलं आणि मला आवाजासारखं वाटलं, हे मी मान्य केलं असतं. आनंदानं केलं असतं. पण तिघांच्या मनातून, एकाच क्षणी, शब्दाला शब्द? आणि मल्लिकार्जुनची कपबशी? मल्लिकार्जुनचं म्हणणं सरळ आहे, नारळ. तो दुसऱ्याच दिवशी कपिलधारला जाऊन फोडून आला आणि प्रसादाचा तुकडा माझ्या कीबोर्डवर ठेवून गेला. मी खाल्ला. खोबरं होतं, कारण नव्हतं.

ॲपवाल्यांकडून आवाज तयार होऊन यायला थोडे दिवस गेले. तोवर ताईनं जागा कुणाला दिली नाही. फोनला जोडायला एक छोटा स्पीकर घेतला. पहिल्या बाजाराला मी मुद्दाम गेले. लिंबाखाली ताई बसलेली, शेजारी स्पीकर, मांडीवर फोन, आणि स्पीकरमधून, ‘मेथी घ्या मेथी, कालची न्हाई, आजची हाय.’ पलीकडच्या बाया उठून बघायला आल्या. एका म्हाताऱ्यानं विचारलं, कमल, तुजा आवाज गेलता ना? ताईनं टाइप केलं आणि फोन म्हणाला, “गेलता. रिटन तिकीट काढून गेलता.” लोक हसले. नात मांडीत बसून दर वाक्याला बटण दाबायला धडपडत होती.

गर्दी जरा ओसरल्यावर मी विचारलंच. म्हटलं, ताई, खरं सांगा. त्या दुपारी कोण बोललं? ताईनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ टाइप केलं, आणि मग तिच्या स्वतःच्या, खणखणीत आवाजात फोन बोलला:

“मीच बोलले. दुसरं कोन बोलंल, सुजे? आता कशानं बोलले, ते तू सांग. कंप्युटरवाली तू हायस.”

कुलूप माझं, राखणदार माझा, कोडची ओळ न् ओळ मला पाठ. त्यात ते कुठून आलं, हे मला माहीत नाही.